सगळ्यांनी एकाच होडीत बसायलाच हवं का?

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय 36, घरी नवरा, 12 वर्षांची मुलगी, 5 वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. दिवाळीच्या सुट्टीत दीर, जाऊ आणि पुतण्याला धरून नऊ जण मालवणला निघालेत. भाऊबीज उरकली की त्याच रात्री टेम्पो ट्रॅव्हलरने निघायचं, सकाळी पोचायचं आणि 11 वाजता देवबागहून होडी धरायची. डॉल्फिन, गोल्डन रॉक, निवतीच्या बाजूला कड्याखालची गुहा, भोगव्याचा किनारा आणि शेवटी त्सुनामी बेट, असा तीन-साडेतीन तासांचा फेरा. नवऱ्याने आगाऊ पैसे भरलेत. ताईंना मात्र पाण्याची धास्ती आहे. 2008च्या पुरात भांडी बाजाराजवळच्या त्यांच्या माहेरच्या घरात गोदावरीचं पाणी शिरलं, जिन्याची एकेक पायरी बुडताना त्यांनी पाहिली. डिसेंबर 2024मध्ये मुंबईत घारापुरीला निघालेल्या बोटीला अपघात झाला, त्याचे व्हिडिओ पाहिल्यापासून झोप नीट लागत नाही. घरी विषय काढला की ‘तू घाबरट आहेस, सगळ्यांचा विरस करतेस’ असं ऐकावं लागतं. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, सासऱ्यांना बीपीच्या गोळ्या चालू. ताई विचारतात, ‘भीती गिळून गुपचूप होडीत बसू, की सासूबाईंच्या गुडघ्याचं कारण पुढे करून होडीच रद्द करायला लावू?’

ताई,

तुम्ही दोन वाटा सांगितल्यात आणि दोन्हींत तुम्ही स्वतः कुठेच नाही. गप्प बसलात तर तुमचं भय कुणाला कळणार नाही, आणि सासूबाईंना पुढे केलंत तरीही कळणार नाही. म्हणून सुरुवात तुमच्या भीतीपासूनच करू या.

‘घाबरट’ हा शब्द मला मान्य नाही. जिने गोदावरीला घरचा जिना चढताना पाहिलंय, तिला पाणी काय करू शकतं ते ठाऊक आहे. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पुराचा अंदाज घेणाऱ्या गावात तुम्ही वाढलात. गंगापूर धरणातून आज किती क्युसेक पाणी सोडलं, हे पावसाळ्यात नाशिकमध्ये ज्याच्यात्याच्या तोंडी असतं. तो आकडा कळला म्हणून भीती जात नाही, पण काय करायचं ते कळतं. गाडी वरच्या रस्त्याला लावायची, दुकानातला माल माळ्यावर चढवायचा, म्हातारं माणूस आधी हलवायचं. समुद्राबद्दल तुमच्या हातात असा एकही आकडा नाही. आणि खरं सांगायचं तर तुमच्या मिस्टरांच्या हातातही नाही. जे माहीत नाही त्याची तुम्हाला काळजी वाटते, त्यांना उत्साह वाटतो, एवढंच.

तर आधी तो आकडा मिळवू. कोकणात भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. हा ठोकताळा आहे, जागेप्रमाणे तास-दीड तास मागेपुढे होतो, पण भिंतीवरचं कॅलेंडर बघून घरबसल्या करता येतो.

आता तुमचा दिवस बघा. लक्ष्मीपूजन अमावास्येचं. अमावास्येला आणि पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं, भरती जास्त चढते, ओहोटी जास्त खाली जाते, आणि हा जोर पुढे दोन-तीन दिवस राहतो. भाऊबीज द्वितीयेची, तुमची होडी तृतीयेची. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे 11 वाजता तुम्ही निघाल तेव्हा पाणी चढत असेल आणि शेवटी त्सुनामी बेटावर पोचाल ते ऐन भरतीला. ते बेट म्हणजे कर्ली नदीच्या मुखाशी साठलेल्या वाळूचा पट्टा. भरतीत त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो. मुलांना वाळूत खेळायचं म्हणून ज्याची वाट बघायला लावली, तिथेच कमरेएवढं पाणी भेटायचं. दक्षिण कोकणात भरती-ओहोटीतला फरक मुंबईएवढा मोठा नसतो हे खरं, पण नदीच्या तोंडाशी तो चांगला जाणवतो. तिथे ओहोटीला पाणी समुद्राकडे जोरात ओढतं, समोरून लाट आली की पाणी उसळतं. म्हणून संगमावर पाणी उथळ दिसलं तरी मुलांना पोहायला सोडू नका, कुणीही कितीही ‘इथे काही होत नाही’ म्हटलं तरी.

हेच चार-पाच दिवस पुढे ढकललंत, तर कार्तिक शुद्ध अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस येतात. तेव्हा पाण्याची चढ-उतार कमी असते. शाळेची सुट्टी बहुधा तोवर शिल्लक असते, आणि दिवाळीला लागूनची गर्दीही थोडी ओसरलेली असते. सकाळी साडेसात-आठला निघालात तर पाणी उतरत जाईल आणि बेटावर पोचेपर्यंत वाळू उघडी पडू लागलेली असेल. सकाळचं दुसरं कारण वाऱ्याचं. पहाटेपासून वारा पडलेला असतो, दुपार चढेल तसा समुद्राकडून जमिनीकडे वारा सुटतो आणि पाण्यावर लाटा उठतात. ज्यांना बोट लागते, त्यांच्यासाठी आठ आणि बारा या वेळांत फार अंतर आहे.

आणखी एक गोष्ट, जी नाशिकमध्ये बसून लक्षात येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा दुसरा हंगाम. 2019च्या दिवाळीत क्यार वादळ समुद्रात खूप आत होतं, तरी कोकण किनाऱ्यावर लाटांनी दाणादाण उडवली. म्हणजे मालवणात आकाश निळं असलं, तरी दूरच्या वादळाची लाट येऊ शकते. हवामान खातं मच्छीमारांसाठी इशारे देतं, हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, आणि बंदरावर धोक्याचा बावटा लागतो. निघायच्या आधी दोन दिवस आणि होडीच्या दिवशी सकाळी हे बघायचं काम मिस्टरांकडे सोपवा. मासेमारीच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या दिसल्या, तर पुढचा प्रश्न विचारायचीच गरज नाही.

आता गुहेविषयी. मुलगी तिच्यासाठी सगळ्यात उत्सुक आहे, असं तुम्ही लिहिलंय. पांडवलेण्यांतल्या गुहा माणसाने छिन्नीने कोरल्या आणि ते काम कधीच संपलं. समुद्रातली गुहा लाट कोरते. खडकातल्या फटीत लाट शिरते, आतली हवा दाबली जाते, लाट मागे गेली की ती हवा झटक्यात सुटते. असं वर्षानुवर्षं होऊन दगड सुटत जातो आणि घळ मोठी होते. म्हणजे कड्यावर जिथे गुहा आहे, तिथेच लाटेचा मारा सगळ्यात जास्त. लाट मागच्या भिंतीवर आपटून परत येते, आणि पुढून येणारी दुसरी लाट तिला भिडते. भरतीला छत आणि डोकं यांतलं अंतरही कमी होतं. म्हणून कुटुंब घेऊन जाताना गुहा बाहेरूनच बघायची. होडी कड्यापासून अंतर राखून उभी करायची, तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, दोन-चार लाटा आत जाताना बघायच्या, तुम्ही तो घुमणारा आवाज ऐकायचा, फोटो काढायचे आणि निघायचं. यात काही कमी पडत नाही. उलट त्या घळीत पाणी कसं शिरतं आणि कसं फेसाळत बाहेर पडतं, हे थोडं लांबूनच चांगलं दिसतं. आत नेतो म्हणणाऱ्याला हसून नको म्हणा.

कुणी ‘थोडे जास्त द्या, वेंगुर्ला रॉक्सच्या गुहाही दाखवतो’ म्हणालं, तर त्यालाही नकारच द्या. ती बेटं उघड्या समुद्रात बरीच आत आहेत. तिथल्या गुहांत पाकोळ्या नावाचे पक्षी लाळेने चिकटवून घरटी बांधतात. त्या घरट्यांची पूर्वी चोरटी विक्री व्हायची आणि पक्ष्यांनी फार सोसलंय. त्यांना निवांत राहू द्यावं असं मला मनापासून वाटतं. डॉल्फिनच्या मागे होडी पळवू नका, हेही तांडेलाला आधीच सांगून ठेवा.

होडीशिवायही कोकणात लाटेने कोरलेला खडक बघता येतो, हे इतर वाचकांसाठी सांगते. गुहागरजवळ हेदवीला बामणघळ आहे. कातळातली अरुंद चीर, भरतीला तिच्यातून पाणी कारंज्यासारखं वर उडतं. हरिहरेश्वरला देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर पायऱ्या उतरून गेलं की लाटांनी जाळीदार केलेला कातळ लागतो. बामणघळ लांब उभं राहून बघायची, आणि हरिहरेश्वरची प्रदक्षिणा फक्त ओहोटीतच करायची. दोन्हीकडे माणसं वाहून गेलेली आहेत.

आता सासूबाई. ताई, त्यांच्या गुडघ्याचं कारण पुढे करू नका. मला वाटतं, त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही. मुलगा म्हणतो आईला होडीत बसवायचं, सून म्हणते आईंना झेपणार नाही, आणि आई स्वतः काय म्हणतात ते तुमच्या अख्ख्या पत्रात कुठेही आलेलं नाही. एका दुपारी चहा घेताना सरळ विचारा, ‘आई, तुम्हाला होडीत बसायची हौस आहे का?’ कदाचित त्या म्हणतील, मला फक्त समुद्रात पाय बुडवायचे आहेत. कदाचित तुमच्या आधी होडीत चढतील. काहीही उत्तर आलं, तरी ते त्यांचं असेल.

हौस असली तर चढण्या-उतरण्याचा विचार आधी करा. देवबाग-तारकर्लीला अनेक होड्यांत वाळूवरून, गुडघाभर पाण्यातून, काठावर पाय टाकून चढावं लागतं. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला तोच क्षण अवघड, पुढचे तीन तास त्यामानाने सोपे. धक्का कुठे आहे, फळी लावतात का, हात द्यायला दोन माणसं असतात का, हे फोनवर विचारता येतं. सासू-सासऱ्यांसाठी कर्लीच्या खाडीतला तास-दीड तासाचा संथ फेरा मला जास्त योग्य वाटतो. दोन्ही काठांना माड, पाणी शांत, वाटलं तर लगेच परत. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. या होड्यांवर शौचालय नसतं. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवीला वारंवार जावं लागतं. तुमची मुलगी 12 वर्षांची आहे, तिची पाळी त्याच दिवसांत आली तर तिचीही कुचंबणा होईल. गोळीची वेळ त्या दिवसापुरती बदलता येते का, हे सासऱ्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. मळमळीची गोळीही ज्येष्ठांना आणि मुलांना डॉक्टरांना विचारूनच द्या, आणि घ्यायची तर ती होडीत बसायच्या आधी घ्यावी लागते.

तुमचा खरा प्रश्न राहिलाच. तुम्ही जावं का?

भीती गिळून जाऊ नका. उघड्या होडीत एक माणूस अचानक घाबरून उभं राहिलं, एका बाजूला झुकलं की सगळ्यांनाच धोका. शिवाय आईचा चेहरा बघूनच पाच वर्षांचं पोर रडू लागतं. पण न जाण्याचाही निर्णय आज करू नका. आधी गंगापूर धरणावर एक दिवस काढा. बोटिंग चालू असेल तेव्हा घरची सगळी मुलं आणि तुम्ही जॅकेट घालून थोडा वेळ पाण्यावर जा. धरणात समुद्राची लाट नसते, त्यामुळे मालवणची पूर्ण कल्पना येणार नाही, पण हलत्या होडीत पाय कसा ठेवायचा, जॅकेट अंगावर कसं बसतं आणि तुमचा श्वास किती वेळाने जागेवर येतो, हे कळेल. तिथेही जीव घाबराघुबरा झाला, तर मालवणला तुम्ही किनाऱ्यावर थांबा. त्यात कुणाचाही विरस होत नाही. सासूबाईंसोबत तुम्ही मालवणच्या बाजारात जाल, धामापूरच्या तलावाकाठी बसाल, आणि दुपारी जेवायला सगळे एकत्र असाल. नऊ जणांची सहल झाली की नऊही जणांनी एकाच होडीत बसायचं, हा नियम कुणी केला? एकत्र असणं जेवणाच्या पंगतीत होतं, रात्री गप्पांत होतं. होडीत तर इंजिनाच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही.

मुंबईच्या त्या अपघाताबद्दलही बोलायला हवं, कारण तो तुमच्या डोळ्यांसमोरून जात नाही. इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट प्रवासी बोटीवर आदळली आणि 15 जणांचा जीव गेला. त्याआधी मे 2022मध्ये तारकर्लीला पर्यटकांची होडी किनाऱ्याकडे परतताना उलटली आणि दोघे गेले. कारणं निरनिराळी होती, पण प्रवाशाच्या हातात असलेली गोष्ट दोन्हीकडे एकच, अंगावरचं जॅकेट. ते वाळूवर असतानाच घालायचं आणि परत वाळूवर पाय टेकल्यावरच काढायचं. फोटोसाठी नाही, उकडतंय म्हणून नाही, किनारा आला म्हणूनही नाही.

मुलाच्या जॅकेटवर तर अडूनच बसा. मोठ्या माणसाचं जॅकेट पाच वर्षांच्या मुलाला उपयोगाचं नाही, पाण्यात पडलं की ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. लहान मापाचं हवं, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर फारच चांगलं. घालून पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून वर उचलून बघा. जॅकेट हनुवटीच्या वर गेलं, तर ते सैल आहे. नीट बसणारं मिळालं नाही, तर मुलगा त्या दिवशी खाडीच्या बाजूला आजी-आजोबांसोबत. त्याला वाईट वाटेल, मग शहाळं मिळालं की विसरेल.

होडीवाल्याला फोन तुम्ही स्वतः करा, मिस्टरांना शेजारी बसवून. महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का, होडीला किती प्रवाशांची परवानगी आहे आणि त्या दिवशी नेमकी किती माणसं बसवणार, लहान मापाची जॅकेटं किती, बरोबर खलाशी किती, हवामान बिघडलं तर पैसे परत की दुसरी तारीख. चांगला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. बरेचदा तो तुम्हाला तुम्ही न विचारलेली गोष्टही सांगतो, की त्या दिवशी उधाण आहे, अकराऐवजी आठला या. ‘कशाला काळजी करता, आमचं रोजचंच आहे’ एवढंच उत्तर आलं, तर दुसरा बघा. देवबागला होड्यांची वाण नाही.

मिस्टरांशी बोलताना ‘मला भीती वाटते’ इथेच थांबू नका, कारण त्यावर त्यांच्याकडे ‘काही होत नाही’ हे उत्तर तयार आहे. असं सांगून बघा, ‘तुम्ही आई-बाबांना समुद्र दाखवायचं ठरवलंत, ते मला आवडलंय. पण तृतीयेला दुपारी दोनला भरती आहे, बेट पाण्याखाली असेल. आपण अष्टमीच्या सुमाराला, सकाळी जाऊ या.’ त्यांच्या बाजूनेही जरा बघा. आई-वडील हिंडते-फिरते आहेत तोवर त्यांना कुठेतरी न्यावं, ही घाई त्यांना आहे. तुमचा विरोध त्या इच्छेलाच आहे, असं त्यांना वाटत असावं. म्हणून ते चिडतात.

नाशिकहून मालवण साधारण 600 किलोमीटर. रात्रभर गाडीत, पहाटे फोंडा घाटाची वळणं, आणि त्याच सकाळी होडी, हे निरोगी तरुणालाही जड जाईल. पोचलेल्या दिवशी फक्त किनारा आणि आराम. दुसऱ्या दिवशी मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ला. दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, पण होडीची सवय होते, आणि 1664 साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला किल्ला बघणं होतं ते वेगळंच. त्यानंतर मन तयार असेल त्यांनी तिसऱ्या दिवशी सकाळी गुहेचा फेरा करावा. सासू-सासऱ्यांना गाडीचा प्रवास नको असेल, तर मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडवरून कोकण रेल्वेनेच पुढे जाते, तिची चौकशी करा. दिवाळीत तिकिटं लवकर भरतात, त्यामुळे तारीख बदलायची असेल तर आधी होडीवाल्याचा आणि राहण्याच्या जागेचा होकार घ्या, मग तिकीट काढा. तारीख बदलायला त्यांनी थोडे पैसे कापले, तर कापू द्या.